दृष्टिदोष आणि मनावरची तोहमत

बाळंतिणीने रडू नये, डोळे अधू होतात; दुःख कोसळले तर अश्रू दाबून धरू नयेत, तेही डोळ्यांनाच बाधते; मूल दगावलेल्या आईची नजर रडून रडून गेली, ही आणि अशी वचने महाराष्ट्रातील जुन्या घरांतून पिढ्यान्‌पिढ्या इतक्या सहजपणे उच्चारली गेली आहेत, की त्यांच्या बुडाशी मन आणि नेत्र यांच्या संबंधाविषयीचा एक सबंध सिद्धान्त आहे, याची जाणीव बोलणाऱ्यास वा ऐकणाऱ्यास क्वचितच होत असे. महाभारतात अंबिकेने व्यासांचे उग्र रूप पाहून भयाने डोळे मिटले आणि त्यामुळे धृतराष्ट्र जन्मांध निपजला, अशी जी कथा आहे, तीत तर मातेच्या एका क्षणाच्या भीतीचे फळ पुत्राच्या दृष्टीला आणि पुढे साऱ्या कुळाला भोगावे लागले. ज्या घरात डोळे आले असता देवीला चांदीचे डोळे वाहण्याचा नवस बोलला जाई, त्याच घरात शोकाने दृष्टी जाते हेही मानले जाई, आणि दैवी कोप व मानवी दुःख ही दोन कारणे एकमेकांशी तंटा न करता शेजारी नांदत.

या समजुतीला शास्त्राचा आधार नव्हता असे म्हणता येणार नाही. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्राचा आरंभच नेत्ररोगांनी होतो. तेथे शहात्तर नेत्ररोगांची गणना आहे आणि त्यांची जी कारणे दिली आहेत, ती आजच्या वाचकानेही एकवार सावकाश वाचावीत अशी आहेत. उन्हाने तापलेल्या माणसाने एकदम थंड पाण्यात शिरणे, दूरवर टक लावून पाहणे, झोपेचा क्रम बिघडणे, सतत रडणे, क्रोध, शोक, क्लेश, आघात, अतिमैथुन, आंबलेल्या पदार्थांचे सेवन, मलमूत्रादी वेगांचा अवरोध, धूर, वांतीचा अवरोध किंवा अतिरेक, अश्रूंचा निग्रह आणि सूक्ष्म वस्तूंचे निरीक्षण, अशी ती यादी आहे. तीत रडणेही आहे आणि रडू न देणेही आहे. म्हणजे आमच्या घरांतील वरवर परस्परविरोधी वाटणारी दोन्ही वचने त्या एकाच दप्तरातून निघालेली दिसतात. परंतु मला या यादीत याहून महत्त्वाची वाटते ती एक वेगळीच गोष्ट. शोक आणि कोप यांना येथे कोणतेही विशेष आसन दिलेले नाही. धूर, आंबट, ऊन आणि आघात यांच्या पंगतीत ती बसली आहेत. वैद्य रोग्याच्या मनाची विचारपूस करी, पण मनाची विचारपूस झाली म्हणून शस्त्र खाली ठेवीत नसे. ज्या ग्रंथात शोकाला नेत्ररोगाचे कारण म्हटले, त्याच ग्रंथात मोतीबिंदू शलाकेने बाजूस सारण्याची क्रिया तपशीलवार सांगितली आहे. मनाला अनेक कारणांपैकी एक मानणे आणि मनालाच एकमेव कारण ठरविणे, या दोहोंमध्ये किती मोठे अंतर आहे, हे पुढे अमेरिकेत जे घडले त्यावरून स्पष्ट होते. आणि तो इतिहास आपल्या येथील निसर्गोपचार केंद्रांपर्यंत येऊन पोचला असल्यामुळे तो मुळापासून जाणून घेणे अगत्याचे आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास युरोपातील नेत्रवैद्यकाने अवघ्या पंधरा वर्षांत जे पाऊल टाकले, तसे त्याने पूर्वी हजार वर्षांत टाकले नव्हते. १८५१ मध्ये हेल्महोल्ट्झने जिवंत माणसाच्या डोळ्याच्या आत पाहण्याचे उपकरण सिद्ध केले. १८६२ मध्ये नेदरलंड्समधील स्नेलन याने अक्षरांचा तो तक्ता प्रसिद्ध केला, जो आज प्रत्येक चष्म्याच्या दुकानात टांगलेला असतो. आणि १८६४ मध्ये त्याच देशातील डोंडर्स याने दृष्टिदोषांवरचा आपला ग्रंथ प्रसिद्ध करून, डोळ्याची लांबी आणि त्याची प्रकाश वळविण्याची शक्ती यांचा मेळ बसला नाही म्हणजे दृष्टी अस्पष्ट होते आणि योग्य भिंगाने ती सुधारते, हे निःसंदिग्धपणे मांडले. चष्मा ही वृद्धांची आणि पंडितांची खूण होती, ती आता शाळकरी मुलांच्या नाकावर येऊ लागली.

नेमक्या याच काळात अमेरिकेत मज्जातंतूंच्या दौर्बल्याची मोठी चर्चा चालू होती. १८६९ मध्ये न्यूयॉर्कच्या जॉर्ज बिअर्ड याने मज्जाक्षीणतेची कल्पना मांडली, आणि तारयंत्रे, आगगाड्या, वृत्तपत्रे यांच्या धकाधकीत सुशिक्षित माणसाची मानसिक पुंजी संपत चालली आहे, असे डॉक्टर आणि रोगी दोघेही मानू लागले. फिलाडेल्फियाच्या वेअर मिचेल याने डोळ्यांवरील ताणाने डोकेदुखी जडते, हे साधार दाखविले. ते खरेच होते आणि आजही खरे आहे. पण त्याच शहरातील जॉर्ज गूल्ड नावाच्या नेत्रवैद्याने या लहानशा सत्याचा एवढा विस्तार केला, की १९०३ पासून काढलेल्या आपल्या चरित्रग्रंथमालेत डी क्विन्सी, कार्लाइल, डार्विन, टॉमस हक्सली आणि ब्राउनिंग अशा थोर पुरुषांच्या आयुष्यभराच्या व्याधी केवळ चष्म्याच्या अभावी जडल्या होत्या, असा निवाडा त्याने त्यांच्या मृत्यूनंतर देऊन टाकला. डोळा बिघडला म्हणून मन आणि देह बिघडतात, असे गूल्ड म्हणत होता. हेच नाते उलटे करून, मन बिघडते म्हणून डोळा बिघडतो, असे म्हणणारा मनुष्य न्यूयॉर्कमध्ये आधीपासूनच नेत्रवैद्यकी करीत होता.

विल्यम होरॅशियो बेट्स याचा जन्म १८६० मध्ये न्यूजर्सी संस्थानातील न्यूअर्क येथे झाला. कॉर्नेल विद्यापीठाची पदवी आणि न्यूयॉर्कच्या नामांकित वैद्यक महाविद्यालयाची १८८५ ची सनद त्याच्यापाशी होती. पदव्युत्तर वैद्यकशाळेत तो नेत्ररोग शिकवीत असे. आणि अधिवृक्क ग्रंथीच्या अर्काने डोळ्यातील रक्तवाहिन्या आकुंचन पावून रक्तस्राव थांबतो, हे १८९६ मध्ये प्रसिद्ध करून त्याने शस्त्रक्रियेला एक खरोखरीचे साहाय्य दिले होते. बेट्सला जे आरंभापासून भोंदू म्हणतात, त्यांनी हा दाखला विसरू नये. तो अडाणी नव्हता, रोग्यांविषयी त्याला कळवळा होता, आणि चष्मा लावूनही ज्यांची डोळ्यांची तक्रार संपत नाही अशी माणसे त्याच्या दवाखान्यात रोज येत होती. त्यांच्या प्रश्नाला त्या काळच्या शास्त्रापाशी पुरेसे उत्तर नव्हते, आणि ते आपण शोधून काढू असे त्याला वाटले, यात काही वावगे नव्हते.

१९०२ च्या ऑगस्टअखेर हा प्रतिष्ठित वैद्य अकस्मात न्यूयॉर्कमधून नाहीसा झाला. पत्नीने शोध केला तेव्हा तो अटलांटिकपलीकडे लंडनच्या चेअरिंग क्रॉस रुग्णालयात सापडला. तेथे तो रोगी म्हणून दाखल झाला होता आणि नंतर मदतनीस म्हणून काम करीत होता. त्याला आपले पूर्वायुष्य आठवत नव्हते, समोर उभी असलेली पत्नीही ओळखता येत नव्हती. तिने त्याला जवळ ठेवून घेतले, पण दोनच दिवसांत तो पुन्हा परागंदा झाला, आणि पुढे कित्येक वर्षांनी, १९१० च्या सुमारास, कॅनडाच्या सीमेजवळील ग्रँड फोर्क्स या दूरच्या गावी डोळ्यांची वैद्यकी करीत असलेला एका समव्यवसायी मित्राच्या दृष्टीस पडला. मित्राने समजूत घालून त्याला न्यूयॉर्कला परत आणले, आणि तेथे हार्लेम रुग्णालयात तो पुन्हा रोगी तपासू लागला. या प्रकरणाचा उलगडा कधीच झाला नाही. तथापि ज्या माणसाची स्वतःची स्मृती अशी समूळ हरपली, त्यानेच पुढे स्मृतीला नेत्ररोगावरील सर्वश्रेष्ठ औषधी म्हणून स्थापिले, काळ्याभोर ठिपक्याचे निर्दोष स्मरण जो करू शकतो त्याची दृष्टी त्या क्षणी निर्दोष होते असे शिकविले, हे वाचताना त्याच्या सिद्धान्तामागे त्याची स्वतःची यातना असावी असे मला राहून राहून वाटते.

१९१९ च्या जुलैत त्याने एक मासिक सुरू केले, आणि १९२० मध्ये चष्म्याविना दृष्टिदोष बरे करण्याविषयीचा आपला ग्रंथ स्वतःच प्रसिद्ध केला. त्यातील प्रतिपादन थोडक्यात असे: जवळचे पाहताना डोळ्याच्या आतील भिंग फुगीर होते, हे हेल्महोल्ट्झचे म्हणणे चुकीचे, डोळ्याच्या खोबणीत बाहेरून जे स्नायू आहेत ते गोलकाला आवळून लांब करतात वा आखूड करतात, आणि त्यामुळे दृष्टी जवळ वा दूर जुळते, हे स्नायू अकारण आवळलेले राहिले म्हणजे ऱ्हस्वदृष्टी, दीर्घदृष्टी, वक्रदृष्टी, चाळिशी हे सारे दोष उद्भवतात, आणि स्नायू आवळतात ते मन पाहण्यासाठी धडपड करते म्हणून. तेव्हा रोग डोळ्यात नसून मनात आहे, चष्मा ही कुबडी आहे, आणि मन शिथिल झाले की दृष्टी आपोआप निर्मळ होते. यासाठी त्याने सांगितलेले उपाय आज आपल्याकडेही परिचित आहेत: तळहातांच्या द्रोणांनी मिटलेले डोळे झाकून अंधाराचे ध्यान करणे, शरीर हलकेच डावीउजवीकडे झुलविणे, सूर्यप्रकाश डोळ्यांवर घेणे, स्नेलनचा तक्ता रोज वाचणे. शाळांच्या भिंतींवर असा तक्ता टांगून मुलांनी तो रोज वाचावा, म्हणजे दृष्टिदोष जडणार नाहीत, हा प्रयोगही त्याने केला.

येथवर हा एका तज्ज्ञाचा मतभेद म्हणून सोडून देता आला असता. पण बेट्स पुढे गेला. असत्य बोलताना मनावर ताण पडतो आणि त्या क्षणी डोळ्याचा दोष वाढलेला उपकरणातून दिसतो, असे त्याने लिहिले. एखाद्याने आपले वय चुकीचे सांगितले तरी त्याचा डोळा त्याची साक्ष देतो, असा त्याचा दावा होता. मोतीबिंदू आणि काचबिंदू यांच्या मुळाशीही तोच ताण आहे, असे तो सांगू लागला. ज्या दिवशी असत्याविषयीचे ते विधान छापले गेले, त्या दिवशी चर्चा नेत्रशास्त्राच्या हद्दीतून निघून शीलाच्या हद्दीत गेली. ज्याचा डोळा सदोष, त्याचे मन सदोष, आणि कदाचित त्याचे वर्तनही सदोष, असा अर्थ त्यातून निघाल्यावाचून राहत नाही. आणि जो बरा होत नाही त्याने पुरेसा प्रयत्न केला नाही, पुरेसा विश्राम साधला नाही, हा ठपका त्याच्या माथी आपोआप बसतो.

शास्त्रीय बाजूचा निकाल खरे पाहता बेट्सच्या जन्माच्याही आधी लागला होता. टॉमस यंग या इंग्रज पंडिताने १८०१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या व्याख्यानात आपल्याच डोळ्यावर केलेले प्रयोग वर्णिले आहेत. डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक पडद्याची वक्रता कमीजास्त होते काय, हे पाहण्यासाठी त्याने डोळा पाण्यात धरला. गोलक लांब होतो काय, हे पाहण्यासाठी डोळ्याच्या पुढून व मागून धातूच्या कड्या लावून तो जखडून टाकला. आणि तरीही दूरचे व जवळचे पाहण्याची त्याची शक्ती कायम राहिली. ज्यांचे भिंग मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेत काढले आहे त्यांच्यात मात्र ही शक्ती उरत नाही, हेही त्याने दाखविले. म्हणजे करामत भिंगाची होती, बाह्य स्नायूंची नव्हती. बेट्सने मासे, ससे, मांजरे आणि कुत्रे यांचे स्नायू कापून विरुद्ध पुरावा उभा करण्याचा प्रयत्न केला. पण जो पुरावा इतरांच्या हातून पुन्हा सिद्ध होत नाही तो शास्त्राच्या दरबारात टिकत नाही, आणि तसेच झाले.

मग प्रश्न असा उरतो, की १९३१ मध्ये बेट्स निवर्तल्यावरही त्याचे मत का फोफावले? काही जणांना खरोखरच क्षणभर स्वच्छ दिसे, हे त्याचे एक कारण. अमेरिकेतील एल्विन मार्ग याने १९५२ मध्ये या क्षणिक स्पष्टतेची तपासणी केली, तेव्हा ती खरी आहे पण डोळ्याचा दोष मात्र होता तेथेच राहतो, असे आढळले. अश्रूंचा पातळ थर क्षणभर भिंगासारखा काम करतो, हा तिचा संभाव्य खुलासा आहे. शिवाय अंधुक अक्षरे ओळखण्याचा सराव झाला की मनुष्य तेवढ्याच अंधुक प्रतिमेवरून अधिक वाचू शकतो. पण मला वाटते, याहून मोठे कारण वेगळे होते. डोंडर्सचे शास्त्र रोग्याला भिंग देत होते आणि घरी पाठवीत होते. बेट्सचे शिष्य त्याला आठवडेच्या आठवडे समोर बसवून, तुझ्या हातात काही आहे, असे सांगत होते. आशेची ती गरज खोटी नव्हती.

या आशेचा सर्वांत प्रख्यात वारकरी ऑल्डस हक्सली. गूल्डच्या यादीतील टॉमस हक्सलीचा हा नातू १९११ मध्ये, सोळाव्या वर्षी, डोळ्याच्या पारदर्शक पडद्याच्या दाहाने दीड वर्ष जवळजवळ अंध झाला, ब्रेल लिपी शिकला, आणि पुढेही त्याच्या एका डोळ्याला केवळ उजेडाची जाणीव तर दुसऱ्याला दहा फुटांवरून तक्त्यातील सर्वांत मोठे अक्षर तेवढे दिसे. १९३९ मध्ये, जाड भिंगांनीही वाचन अशक्य होत चालले असता, तो लॉस एंजेलिसमधील मार्गारेट कॉर्बेट या बेट्सच्या शिष्येकडे गेला आणि काही महिन्यांतच चष्म्याविना वाचू लागला, असे त्याने लिहून ठेवले आहे. विनापरवाना वैद्यकी केल्याची फिर्याद कॉर्बेटबाईंवर झाली होती व न्यायालयाने त्यांची निर्दोष मुक्तता केली होती. अशा गुरूचे ऋण फेडण्यासाठी हक्सलीने १९४२ मध्ये 'दि आर्ट ऑफ सीइंग' हे पुस्तक लिहिले. इंग्रजी भाषेच्या एका श्रेष्ठ गद्यकाराची लेखणी बेट्सला लाभली, आणि जे वैद्यकीय नियतकालिकांतून हद्दपार झाले होते ते ग्रंथालयांतून सन्मानाने नांदू लागले. ब्रिटनचा अग्रगण्य नेत्रतज्ज्ञ स्ट्यूअर्ट ड्यूक-एल्डर याने १९४३ मध्ये या पुस्तकाचे परीक्षण करताना, ज्यांना केवळ मनाची अस्वस्थता आहे त्यांना या व्यायामांनी अपाय नाही, परंतु ज्यांना काचबिंदूचा आरंभ झाला आहे किंवा ज्यांचे दृष्टिपटल सुटत आहे अशा भोळ्या वाचकांच्या हाती ते धोक्याचे आहे, असा इशारा दिला. माझ्या मते या विषयावरचा तो सर्वांत न्याय्य अभिप्राय होय. १९५२ मध्ये हॉलिवूडच्या एका मेजवानीत हक्सली चष्म्याविना भाषण वाचत असता मध्येच अडखळला, कागद डोळ्यांपाशी आणूनही अक्षर लागेना, अखेर त्याला खिशातून बहिर्गोल भिंग काढावे लागले, अशी हकीकत बेनेट सर्फ या प्रकाशकाने लिहिली आहे. ती वाचून ज्यांना मौज वाटली असेल त्यांच्याशी मी सहमत नाही. पाठ केलेल्या भाषणाच्या आधारे आपल्याला दिसते आहे असे दाखविण्याची पाळी एवढ्या सत्यनिष्ठ माणसावर यावी, हे त्या सिद्धान्ताचेच फळ होते. कारण तेथे न दिसणे हा कसूर ठरत होता.

भारतात हे मत आले ते दिल्लीच्या डॉ. आर. एस. अगरवाल यांच्यामार्फत. ते स्वतः शिकलेले नेत्रवैद्य होते. 'माइंड अँड व्हिजन' हे पुस्तक त्यांनी लिहिले, पुढे पाँडिचेरीच्या अरविंदाश्रमात त्यांची दृष्टिसंवर्धनाची शाळा निघाली, आणि 'योग ऑफ परफेक्ट साइट' या त्यांच्या ग्रंथात बेट्सच्या तळहातांना योगाची संगत मिळाली. आपल्याकडे जमीन तयारच होती. हठयोगप्रदीपिकेने त्राटकाला नेत्ररोगांपासून सोडविणारे कर्म म्हटले आहे. १९४६ मध्ये गांधीजींनी पुण्याजवळ उरुळी कांचन येथे निसर्गोपचाराचे काम उभे केल्यानंतर त्या विद्येला महाराष्ट्रात मान्यता मिळाली होती. आणि डोळ्यांवर मातीची पट्टी, जलनेती, त्राटक यांच्या जोडीला न्यूयॉर्कच्या दवाखान्यातून निघालेले डोळे झाकणे व झुलणे अनेक निसर्गोपचारकांच्या पाठात असे मिसळून गेले, की ते शिकविणारे आणि शिकणारे दोघेही ते ऋषिमुनींच्या काळापासूनचे समजतात. प्रत्यक्षात सुश्रुताच्या यादीतील समतोल त्यात कोठेही आढळत नाही.

युरोपात बेट्सच्या काळाच्या आगेमागेच दुसरा एक प्रवाह वाहत होता. पॅरिसच्या शार्को याने उन्मादाच्या रोग्यांत दृष्टीचे क्षेत्र नळीतून पाहावे तसे आकुंचित होते, हे नोंदविले होते. १९१० मध्ये फ्रॉइडने मानसिक कारणांनी येणाऱ्या अंधत्वावर निबंध लिहिला. आणि पहिल्या महायुद्धात ज्यांच्या डोळ्यांना ओरखडाही नाही असे सैनिक खंदकांतून अंध होऊन परतले, तेव्हा हे अंधत्व खरे असते, ढोंग नसते, हे सैन्याच्या डॉक्टरांनाही मान्य करावे लागले. पण बाडेन-बाडेनच्या ग्रोडेक याने येथेही मर्यादा ओलांडली, आणि मनुष्य ऱ्हस्वदृष्टी होतो तो जे पाहायचे नाही ते टाळण्यासाठी, असे सर्रास विधान केले. त्याच वाटेने पुढे १९८४ मध्ये लुईज हे या अमेरिकन बाईंच्या पुस्तकात, जे आता आपल्याकडेही वाचले जाते, काचबिंदू म्हणजे गोठलेली अक्षमा आणि जुन्या दुखापतींचा दाब, असा कोष्टकवजा निर्णय आला. आयुष्यभर सर्वांना क्षमा करीत आलेल्या एखाद्या आजीला, तुझ्या मनातील अढीने तुझी दृष्टी नेली, असे सांगणे हे केवढे क्रौर्य आहे, हे त्या कोष्टकाच्या वाचकांच्या ध्यानी येत नाही.

आणि केवळ वैद्यकाबाहेरच्यांनीच हा अन्याय केला असे नाही. पापण्या आपोआप गच्च मिटण्याचा एक विकार आहे. डोळे निरोगी असूनही रोग्याला रस्ता ओलांडता येत नाही, वाचता येत नाही, समोरच्या माणसाशी बोलता बोलता डोळे बंद होतात. फ्रान्सच्या आँरी मेज याने १९१० मध्ये अशा रोग्यांचे वर्णन केले. पण ताणाने हा विकार वाढतो आणि गाणे म्हटले वा चेहऱ्याला हात लावला की क्वचित ओसरतो, एवढ्यावरून पदवीधर डॉक्टरांनी त्याला दीर्घकाळ मनोविकार ठरविले, आणि कित्येक रोगी वर्षानुवर्षे मनोविश्लेषकांच्या दारी बसले. १९७६ मध्ये लंडनच्या डेव्हिड मार्सडेन याने हा मेंदूतील चलनवलनाच्या केंद्रांचा बिघाड आहे, असे साधार मांडले. सॅन फ्रान्सिस्कोच्या अ‍ॅलन स्कॉट याने बोट्युलिनम विषाच्या अत्यल्प मात्रेची सुई पापणीच्या स्नायूत देण्याची रीत काढली. आणि १९८९ च्या अखेरीस अमेरिकी सरकारने त्या औषधाला परवानगी दिली. ज्यांना आपण जगाकडे पाहू इच्छीत नाही असे सांगण्यात आले होते, त्यांचे डोळे चार-पाच दिवसांत उघडले. ताणाने विकार वाढतो, म्हणून तो ताणाने जन्मतो असे होत नाही, या एका वाक्याचे मोल त्या रोग्यांनी आपल्या उमेदीच्या वर्षांनी चुकविले आहे.

याचा अर्थ मनाचा नेत्राशी संबंधच नाही, असे म्हणण्यास मी धजणार नाही. १९८० नंतरच्या दशकात कॅलिफोर्नियातील लाँग बीच परिसरात कंबोडियाहून आलेल्या सुमारे दीडशे निर्वासित स्त्रिया अशा आढळल्या, की ज्यांना दिसत नव्हते किंवा अत्यंत अंधुक दिसत होते, परंतु डोळ्यांच्या आणि दृष्टिमार्गाच्या विद्युत्‌तपासणीत कोणताही दोष निघत नव्हता. ख्मेर रूज राजवटीत, १९७५ ते १९७९ या काळात, त्यांनी आपल्या नवऱ्यांना आणि मुलांना डोळ्यांदेखत मारले जाताना पाहिले होते. ज्यांच्या डोळ्यांची पुढची खोली मुळातच अरुंद आहे, त्यांना प्रक्षोभाने बाहुली विस्फारली असता तीव्र काचबिंदूचा झटका येऊ शकतो, हे नेत्रवैद्य फार पूर्वीपासून ओळखून आहेत. तिशी ते पन्नाशीच्या दरम्यानच्या पुरुषांत दृष्टिपटलाच्या मध्याखाली पाणी साचण्याचा जो विकार ग्रेफ याने १८६६ मध्येच नोंदविला, त्याचा स्पर्धाशील, सदा घाईत असलेल्या स्वभावाशी संबंध न्यूयॉर्कच्या यानुझी याने १९८७ च्या सुमारास दाखविला. आणि बाहेरून घेतलेल्या स्टिरॉइड औषधांनीही तोच विकार जडतो, यावरून शरीरातील कॉर्टिसॉलचा हात त्यामागे असावा असे दिसते. येथे मनाचा मार्ग रसायनांतून, बाहुलीच्या स्नायूतून, मेंदूच्या केंद्रांतून जातो. तो शोधता येतो, मोजता येतो, आणि त्यावर इलाज करता येतो. उलट बेट्सने ज्या ऱ्हस्वदृष्टीपासून आरंभ केला, तिच्याबाबत चीनमधील ग्वांगझू येथे २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात, पहिलीच्या मुलांना रोज आणखी ४० मिनिटे शाळेबाहेर उघड्यावर ठेवले असता तीन वर्षांत हा दोष नव्याने जडण्याचे प्रमाण इतर शाळांतील ३९.५ टक्क्यांच्या जागी ३०.४ टक्के राहिले. मुलांच्या मनात काय होते हे कोणी विचारले नव्हते; उन्हात खेळणे तेवढे वाढविले होते.

तेव्हा डोळे तळहातांनी झाकून दहा मिनिटे शांत बसण्यास माझी कोणतीच हरकत नाही. दिवसभर कागदावर वा पडद्यावर खिळलेल्या नजरेला त्याने विसावा मिळतो. उघड्या डोळ्यांनी सूर्याकडे पाहणे मात्र कोणीही कोणाच्याही सांगण्यावरून करू नये, त्याने दृष्टिपटल जळते. आणि चाळिशी ओलांडलेल्या प्रत्येकाने, विशेषतः ज्यांच्या घराण्यात काचबिंदू आहे त्यांनी, मनाच्या शांतीचा कोणताही मार्ग धरण्यापूर्वी एकदा नेत्रवैद्याकडे जाऊन डोळ्यांतील दाब आणि डोळ्यामागील मज्जातंतू तपासून घ्यावा. कारण त्या रोगाचा नेहमीचा प्रकार वेदना देत नाही, नजरेच्या कडा आधी खातो, आणि गेलेला भाग परत देत नाही.